दुहेरी कुंपण आणि चिमट्यांचा डबा

मी, खाली सही करणारा, वयाने प्रौढ, पत्राने संस्कृत शिकवण्याच्या उद्योगात अर्धे आयुष्य घालवलेला आणि जोडघराच्या डाव्या अर्ध्यात राहणारा, हे मृत्युपत्र आपणहून लिहून ठेवतो. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. तो माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, मान्य नाही. पण तिच्या मान्यतेवाचून कायद्याचे अडत नाही, असे वकील म्हणतात. वकिलांना ताई माहीत नाही. परवा माझ्या हृदयाची एक झडप दुरुस्त करणार आहेत, एवढेच या लेखनाचे निमित्त.

मालमत्तेकडे वळण्यापूर्वी एक गंभीर तक्रार नोंदवणे मी कर्तव्य समजतो. जोडघराच्या उजव्या अर्ध्यात राहणारी उपरोक्त ताई रोज सकाळी, नेमका मी चहाचा पहिला घोट घेत असताना, दोरीवरचे वाळलेले कपडे काढते आणि लाकडी चिमटे पत्र्याच्या डब्यात टाकते. मूठभर एकदम नाही. एकेक, लांबून, नेम धरून. या अत्याचाराविरुद्ध मी उदात्त, अनुदात्त आणि स्वरित अशा तिन्ही स्वरांत निषेध केला आहे. "ताई, किती तो आवाज!" असे मी कुंपणावरून म्हणतो. "कानात बोळे घाल, पंडिता," असे कुंपणावरून उत्तर येते. जिने आयुष्यभर शिवणाचा वर्ग चालवला, तिला डब्याच्या बुडाशी एक चिंधी घालता येऊ नये, याची भावी पिढ्यांनी नोंद घ्यावी.

कलम पहिले: घर. हे जोडघर आमच्या आबांनी बांधले. मुलांनी भांडू नये म्हणून दोन अर्धे अगदी सारखे केले, आणि मुलांनी एकमेकांना विसरू नये म्हणून मधली भिंत एकच ठेवली. मी इकडे खिळा ठोकला की तिकडे ताईच्या फळीवरचे पेले वाजतात. ताईचे यजमान गेल्यावर ती उजव्या अर्ध्यात राहायला आली. माझी बायको गेल्यावर मी डाव्या अर्ध्यात एकटा उरलो. माझा अर्धा भाग, त्यातील टेबल, कोश आणि दर पावलाला तक्रार करणाऱ्या जिन्यासह, मी माझ्या एकुलत्या लेकीला देतो. अटी पुढे आहेत. तिने त्या वाचल्याशिवाय आनंदून जाऊ नये.

कलम दुसरे: मागचे अंगण. याला थोडा इतिहास जोडणे भाग आहे.

पूर्वी दोन्ही घरांमागे अंगण एकच होते. आम्ही बहीणभाऊ मागच्या पायरीवर बसून चहा घ्यायचो आणि एकमेकांची अक्कल काढायचो. सुखाचे दिवस होते, पण मागे एक उंच इमारत आली आणि तिच्या सर्वांत वरच्या सज्जात एक निवृत्त गृहस्थ आले. आम्ही त्यांना वेधशाळा म्हणतो. आकाशात त्यांना रस नाही. त्यांची सगळी निरीक्षणे खालच्या दिशेने असतात.

"मास्तर, आज दुसरा चहा? झोप झाली नाही वाटतं."

"ताईसाहेब, तो पांढरा परकर अजून ओला आहे. घाई करू नका."

परकराचा उल्लेख झाला त्या दिवशी ताईने फर्मान काढले, "मला आडोसा पाहिजे. आणि बघणाऱ्याला बरा दिसेल असा पाहिजे." बघणाऱ्याला दिसू नये म्हणून घालायचा आडोसा बघणाऱ्याला बरा कसा दिसावा, हा प्रश्न मी विचारला. उत्तर मिळाले नाही, चिमटा मिळाला.

माझी लेक दूरच्या शहरात लोकांच्या बागांचे आराखडे करून देते. तिने मोठ्या हौसेने आमच्या अंगणाचाही केला. इमारतीच्या बाजूला उंच दाट झाडे, माझ्या बाजूला पर्गोला, म्हणजे चार खांब आणि छपराच्या जागी छपराची आठवण, कोपऱ्यात दगडातून झिरपणारे पाणी, आणि दोन घरांच्या मध्ये लाकडी फळ्यांचे एकच कुंपण. चित्रात पर्गोल्याखाली एक सडपातळ गृहस्थ पुस्तक वाचत बसला होता. तो मी नव्हतो. मधल्या कुंपणाला एक लहानसे दारही काढलेले होते. आम्ही दोघांनी ते शिष्टाचाराचा भाग समजून सोडून दिले.

आता फळ्यांच्या कुंपणाला दोन बाजू असतात. एका बाजूला गुळगुळीत फळ्या, दुसऱ्या बाजूला आडवे वासे आणि खिळ्यांचे हिशेब. गुळगुळीत बाजू कोणाकडे, यावर सुताराच्या देखत झालेला संवाद मी शब्दशः देतो.

"कापडाची सुलट बाजू कुठं असते?" ताईने विचारले.

"बाहेर."

"मग तुझ्या कुंपणाची सुलट बाजू माझ्याकडे आली पाहिजे. का शर्ट उलटा घालून हिंडतोस?"

"ताई, कुंपण म्हणजे शर्ट नव्हे. ज्याला त्याच्याकडे तोंड करून आयुष्य काढायचंय, त्याला चांगली बाजू मिळावी."

"मीपण त्याच्याकडे तोंड करूनच आयुष्य काढणार आहे. का मी पाठ करून बसू?"

"दोन्ही बाजूंनी फळ्या मारतो," सुतार म्हणाला. "दिसायला दोन्हीकडे सारखं. विषय संपला."

"म्हणजे याच्या खिळ्यांची टोकं माझ्या फळ्यांच्या पाठीला टोचणार," ताई म्हणाली. "माझं मी वेगळं घालते."

आणि तिने घातले. माझ्या अंगणाकडे सुलट बाजू असलेले माझे कुंपण, तिच्या अंगणाकडे सुलट बाजू असलेले तिचे कुंपण, आणि मध्ये रुसलेल्या नवराबायकोसारख्या दोन्ही उलट बाजू पाठीला पाठ लावून उभ्या. दोन्हींवर वेली चढल्या. लोक फोटो काढून नेऊ लागले. लेकीने ते फोटो आपल्या गिऱ्हाइकांना दाखवले आणि खाली लिहिले की जोडघरातही संपूर्ण खासगीपण साधता येते. साधता येते, यात शंकाच नाही. त्या दिवसापासून ताईचे तोंड मला पाहायचे झाले तर पुढच्या दाराने रस्त्यावर जावे लागते. एरवी ती माझ्यासाठी आकाशवाणी आहे.

हे अंगण, पर्गोल्यासह, लेकीला. झिरपणाऱ्या पाण्याचा दगड मात्र मी ताईला देतो. "नळ नीट बंद कर, कुठंतरी गळतंय," असे ती तो बसवल्यापासून रोज ओरडते. त्याचा पंप बंद करण्याचा कायदेशीर अधिकार तिला मिळावा आणि तिने तो समारंभपूर्वक बजावावा.

कलम तिसरे: दोन कुंपणांमधली पट्टी. ही जागा हात जाईल पण कोपर जाणार नाही, इतकी रुंद आहे. तिच्यात माझा वाचायचा चष्मा, ताईचे असंख्य चिमटे आणि शिवणाची एक चांगली कात्री पडलेली आहे. ही पट्टी माझी की तिची, हा वाद मी माझ्यापुरता मागे घेतो. चष्मा ज्याला काढता येईल त्याचा.

कलम चौथे: सुतार. त्याची बारीक दातांची करवत कुंपणाच्या कामापासून माझ्याकडे राहिली आहे. ती मी त्यालाच देतो. त्याने भारावून जाऊ नये.

कलम पाचवे: घराबाबतच्या अटी. यांचे कारण मागच्या उन्हाळ्यातल्या एका सकाळी घडले.

त्या सकाळी मी पर्गोल्याखाली बसून विद्यार्थ्यांसाठी पाठ ध्वनिमुद्रित करत होतो. देव शब्द चालला होता. पलीकडून चिमट्यांचा आवाज नव्हता. मला वाटले, घातली एकदाची चिंधी. विजयाच्या भरात मी संबोधनापर्यंत आलो आणि चांगल्या खणखणीत आवाजात "हे देव, हे देवौ" म्हणत असताना वरून वेधशाळा ओरडली.

"मास्तर, पाठ थांबवा. ताईसाहेब खाली पडल्यात. मघापासून पडल्यात."

झाडे अजून पुरती वाढली नव्हती, म्हणून त्यांना दिसले. मला दिसणे शक्यच नव्हते. मी तशी चोख व्यवस्था केलेली होती. माझ्या खुर्चीपासून ती जेमतेम दोन हातांवर होती. तिच्यापर्यंत पोहोचायला मला घरातून, रस्त्यावरून, तिच्या फाटकातून, तिच्या घरातून जावे लागले, आणि तिच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असली तरी किल्लीचे भोक शोधायला लागणारा चष्मा पट्टीत होता.

दोरीखाली, उन्हात, ती एका कुशीवर पडलेली होती. हाड शाबूत होते, पाय मुरगळला होता, उठता येत नव्हते.

"हाक का नाही मारलीस?"

"तू शिकवत होतास," ती म्हणाली. "मध्येच कशाला तोडायचं."

आणि थोड्या वेळाने, मी तिला उठवत असताना, "आवाज मात्र चांगला लागला होता तुझा."

ताईचा स्वभाव असा आहे. चिमट्यांसाठी ती माझ्याशी उभा दावा मांडेल, पण स्वतःसाठी हाक मारणार नाही. तेव्हा माझी लेक, जी मला "बाबा, ते घर विकून टाका आणि इकडे या" असे दर रविवारी फोनवर सांगते, तिने पुढील अटी नीट ऐकाव्यात.

ताई हयात आहे तोवर माझा अर्धा भाग विकायचा नाही. विकला तर तो कोणा सभ्य, सुसंस्कृत माणसाला जाईल. अशी माणसे शेजाऱ्याकडे डोकावत नाहीत. त्यांच्यापासूनच मला धोका वाटतो.

लेकीने शक्य झाल्यास स्वतः येऊन राहावे. दुसऱ्यांच्या बागा फोनवरूनही आखता येतात. माझ्या बागेचे तिने काय केले ते मी पाहिलेच आहे. येणे जमले नाही तर घर भाड्याने द्यावे, पण केवळ भोचक कुटुंबाला. पारख अशी करावी: घर दाखवताना पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज करवावा. "काय झालं हो तिकडं?" असे जे विचारतील त्यांना किल्ली द्यावी. जे ऐकून न ऐकल्यासारखे करतील त्यांना चहा देऊन वाटेला लावावे.

डाव्या अर्ध्यात जो कोणी राहील त्याने रोज सकाळी पर्गोल्याखाली चहा घेऊन बसावे. चिमटे वाजू लागले की मोठ्याने तक्रार करावी. लेक असेल तर "आत्या, किती तो आवाज!", परका असेल तर "ताई" म्हणावे. मग उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर अपमानास्पद असेल. ते आले की चहा प्यावा. चिमटे वाजले नाहीत, किंवा उत्तर आले नाही, तर कप खाली ठेवून धावावे. ताईच्या घराची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला आहे, आणि तिला लाल लोकर बांधली आहे, म्हणजे चष्म्याशिवाय सापडेल.

कलम सहावे: दार. माझ्या कुंपणात लेकीच्या मूळ चित्रातल्या जागी एक दार पाडायला मी सुताराला सांगितले आहे. तो काल माप घ्यायला आला.

"सर, हे दार उघडून माणूस जाणार कुठं?" त्याने विचारले. "समोर ताईंचं कुंपण आहे. उलट बाजू."

"मला ठाऊक आहे."

"मग त्यांच्याकडं पण पाडायला लागेल."

ताईच्या कुंपणाला भोक पाडण्याचा मला अधिकार नाही. वकिलांनी तसे सांगितले, आणि वेलींमागून आमचे बोलणे ऐकत उभ्या असलेल्या ताईने वकिलांपेक्षा स्पष्ट शब्दांत सांगितले. तरी माझे दार व्हावे. तिचे व्हायचे तेव्हा होईल. पुन्हा विचारले तर "बघू" म्हणाली. ती "नाही" म्हणते तेव्हा "नाही"च म्हणते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

कलम सातवे: वेधशाळा. या गृहस्थांना काहीतरी द्यावे असे फार मनात होते. पण वकील म्हणतात की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही घेता येत नाही, आणि ज्याने आयुष्यभर साक्षीदाराचेच काम केले त्याला सोडून दुसरा कोण बोलवायचा? म्हणून त्यांना काही नाही. फक्त इमारतीकडची झाडे दरवर्षी छाटावीत, जेणेकरून त्यांच्या सज्जातून ताईची दोरी दिसत राहील. परकराविषयी त्यांनी मौन पाळावे.

मात्र त्यांना मोतीबिंदू झाला आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी वरून ओरडून सांगितले की ताई बराच वेळ हललेली नाही. मी रस्त्यावरून धावत गेलो. ती वाळत घातलेली चादर होती. ताई शेजारी उभी राहून तिला चिमटे लावत होती आणि मला धापा टाकताना पाहून म्हणाली, "झडप पुढच्या आठवड्यात दुरुस्त करायची आहे ना? मग आत्ताच कशाला फाडतोस?" गृहस्थांनी डोळ्यांचे ऑपरेशन करून घ्यावे. हा सल्ला आहे. सल्ला मालमत्तेत मोडत नाही, तेव्हा साक्षीदाराला घेता येतो.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र नाही. यापुढे करण्याची वेळ आली तर आनंद आहे.

स्थळ: मागचे अंगण, डावा अर्धा, पर्गोल्याखाली.
दिवस: दवाखान्यात भरती होण्याच्या आदला, चिमटे वाजून झाल्यावर.

सही: (जोडघराच्या डाव्या अर्ध्याचा मालक)

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे डॉक्टर. सही वाचता येत नाही, म्हणजे त्यांचीच आहे.

साक्षीदार दुसरे: मागच्या इमारतीतील सर्वांत वरच्या सज्जाचे गृहस्थ. यांनी हे अंगण आज प्रथमच खालून पाहिले आणि "इथून काहीच दिसत नाही हो, मास्तर," असे म्हणून सही केली.

सह्या झाल्यावर, दोन्ही साक्षीदारांसमोर वाढवलेला मजकूर: झडपेची मला फारशी काळजी नाही. ती डॉक्टरांची काळजी आहे. मी दवाखान्यात असेन त्या दिवसांत या खुर्चीवर कोणी नसेल. चिमटे वाजायचे थांबतील, आणि ते कोणाला कळणार नाही, आणि ताई हाक मारणार नाही. मला फक्त याची भीती वाटते.