पायाळूचा पाय

मंगळवार, रात्र. घाटनांदूर.

आज डॉक्टरांनी मावशीच्या, म्हणजे सारिकाच्या आईच्या, एक्स-रेच्या फोटोत मणक्यावर बोट ठेवलं आणि तिथंच माझं सगळं बदललं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर हाडात गेलाय. म्हणाले, "पाठीवर दाब देऊ नका, मणका बसला तर पाय जातील. रेडिएशनची लाईट द्यायला उद्याच आणा."

आणि मी? मी पायाळू, आईच्या पोटातून पायांनी आलेला. कुणाच्या पाठीत उसण भरली की गाव माझा पाय लावून घेतं. कॉलेज सोडल्यापासून तेवढीच माझी किंमत. मावशीच्या पाठीला पाय लावायला तर मी पळत जायचो, कारण नंतर सारिका चहा आणायची. त्या चहासाठी! थू.

तरी संध्याकाळी तिच्या बापानं परत बोलावलंच. मावशी पालथी पडलेली.

"लाव बे पाय. डाक्टर लोक उगंच भ्या दाखवतेत."

"काका, तुमी सोबत होते ना? ऐकलं न्हाई का?"

"लई शाना झाला का? लाव, न्हाईतर परत या घरात दिसू नको."

मावशी कण्हत म्हणाली, "लाव रं बाबा, घडीभर बरं वाटतंय." याचाच तर संताप येतो. तिला अजून कुणी खरं सांगितलेलंच नाही.

सारिका चहा घेऊन उभी. बापापुढं का नाही बोलली ती?

"सकाळी गाडी घेऊन येतो, मावशीला न्यायला," मी म्हणालो. "मग दिसेनच." चहा तसाच ठेवून बाहेर पडलो. दार आपटणारच होतो, पण मावशी दचकली असती. हळूच लावून घेतलं.