छोटे डॉक्टर अजून तयार नाहीत

३ मार्च, सोमवार, सकाळी

ठरलं. महिनाअखेर मी दवाखान्यातून मोकळी होणार आणि ताईकडे कायमची राहायला जाणार. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बघू, मागच्या मार्चमध्येही तू हेच म्हणाली होतीस.

ताईला दुसऱ्याच्या अडचणी कळत नाहीत. मागच्या मार्चमध्ये मी अगदी निघालेच होते. पण तेव्हाचे छोटे डॉक्टर गेले आणि लगेच हे आले. बारीक अंगाचे, शर्टाची कॉलर सैल. त्यांना तसंच टाकून जायचं?

आमच्याकडे दर वर्षी एक शिकाऊ डॉक्टर येतो, मोठ्या बाईंच्या हाताखाली शिकतो आणि शेवटी त्यांची सही घेऊन जातो. कुणीही आला तरी आम्ही त्याला छोटे डॉक्टर म्हणतो. मोठ्या बाई डॉक्टरकी शिकवतात. बाकी घडवण्याचं काम काउंटरवरून होतं, म्हणजे मी करते. तसं मला कुणी सांगितलेलं नाही. सांगावं लागत नाही.

यंदाच्यांची बायको दूर, तिच्या माहेरी. पुढच्या महिन्यात बाळंत होईल. तिथल्याच दवाखान्यात यांची नोकरी पक्की आहे. फक्त सही हवी. सही झाली की ते सुटले आणि मीही सुटले.

४ मार्च, मंगळवार

माझ्या जागी घेतलेल्या मुलीला शिकवायला सुरुवात. सगळे तिला नवी म्हणतात. ती मला मावशी म्हणते. तिला सांगितलं, काउंटरवरच्या बाईंना मिस म्हणायचं असतं. हो मावशी, म्हणाली.

पहिला धडा, पेशंटची वाटणी. कॉम्प्युटर नंबर देतो, पण कॉम्प्युटरला तोंडं दिसत नाहीत. सर्दी, खोकला, बोटात गेलेलं कुसळ, फिटनेस सर्टिफिकेट आणि गोड बोलणाऱ्या आज्या, हे सगळं छोट्या डॉक्टरांकडे. चक्कर, छातीत दुखणं, रडणारे, भांडणारे मोठ्या बाईंकडे. नवीनं विचारलं, मग ते शिकणार कधी? मी म्हटलं, हळूहळू. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर वर्षानुवर्षं पेन्सिलच वापरू देत, मग कुठे पेन मिळे. माझं अक्षर आजही कुणी बघावं.

७ मार्च, शुक्रवार, दुपारी

छोटे डॉक्टर काचेशी आले. मिस, जरा वेगळे पेशंट पाठवाल का, सकाळपासून सर्दीच बघतोय, म्हणाले. किती नम्र मुलगा. मी म्हटलं, सर्दीत भल्याभल्यांचं चुकतं. त्यांना चहा पाठवला. त्याच्यामागून एक सर्दी पाठवली.

नर्सबाई म्हणाल्या, असू द्या, बाळ होईपर्यंत नाक पुसायचा हात तरी बसेल. नर्सबाईंना आईची माया काय कळणार. स्वतःची तीन आहेत म्हणून काय झालं.

१० मार्च, सोमवार

माझी खुर्ची म्हणजे पिंजरा आहे. डावीकडे लसींचा फ्रिज, उजवीकडे कपाट, पुढे काच, काचेला बोलण्यापुरतं भोक. बाहेर पडायचं तर आधी नवीला उठवावं लागतं. अख्खं आयुष्य या भोकातून बोलण्यात गेलं.

थोरल्या डॉक्टरांच्या वेळी, म्हणजे मोठ्या बाईंच्या वडिलांच्या वेळी, काच नव्हती. लाकडी काउंटर होता, त्यावर लाल-गुलाबी औषधाच्या बाटल्या रांगेत. डोस कळावा म्हणून बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची. पट्ट्या मी कातरायचे. दुपारी खिडकीतून ऊन आलं की सगळा काउंटर गुलाबी व्हायचा. थोरले म्हणायचे, तुमच्यामुळेच हा दवाखाना चालतो. हेच त्यांनी एकदा मांजरालाही म्हटलेलं मी ऐकलं आहे, पण ते गमतीनं.

आता इथून सुटलंच पाहिजे. उद्यापासून घरची आवराआवर.

१३ मार्च, गुरुवार

आवराआवर झाली नाही. दमायला होतं.

ताईचा फोन. कपाटाचा एक कप्पा माझ्यासाठी रिकामा केला आहे. खोलीला पडदे कुठल्या रंगाचे लावू, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, छोटे डॉक्टर अजून तयार नाहीत, पडद्यांची घाई नको. ती म्हणाली, ते तयार होईपर्यंत मला दिसायचं बंद होईल, मग लावीन कुठलेही. ताईला लहानपणापासून लागेल असं बोलायची सवय आहे. दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

१७ मार्च, सोमवार

वाईट बातमी. मोठ्या बाई काउंटरपाशीच छोट्या डॉक्टरांना म्हणाल्या, दोन गोष्टी अजून राहिल्यात. एक तरी गंभीर पेशंट पहिल्यापासून स्वतः हाताळून दाखवायचा. आणि एकदा कुणाला तरी, ऐकायला नको असलेली गोष्ट समोर बसून नीट सांगून दाखवायची. महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर अजून तीन महिने इथेच.

छोट्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. म्हणाले, मॅडम, तीन महिन्यांनी माझं बाळ मला बघून रडेल. पण तसे पेशंट माझ्यापर्यंत येतच नाहीत, मी करू काय? मोठ्या बाईंनी काचेकडे पाहिलं. मीही मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

म्हणजे मलाही अजून तीन महिने थांबणं आलं. काय करणार, जिवाला सोडवणूकच नाही. घरी जाताना गाणं गुणगुणत होते. अतिश्रमानं होतं असं कधी कधी.

१८ मार्च, मंगळवार

ठराव: रोज एक अवघड पेशंट छोट्या डॉक्टरांकडे पाठवायचा. आजपासून.

संध्याकाळी: आज चक्कर येणारे एक गृहस्थ आले होते. पण त्यांच्या बायकोचा आवाज फार मोठा. छोटे डॉक्टर घाबरले असते. मोठ्या बाईंकडे पाठवले. त्याऐवजी छोट्या डॉक्टरांना गुडघ्याच्या आजी दिल्या. आजींना जिना चढणं अवघड जातं, म्हणजे अवघड पेशंटच.

२१ मार्च, शुक्रवार

नवीनं आज शिस्त मोडली.

मोठ्या बाई कुणाच्या तरी घरी पेशंट बघायला गेल्या होत्या. एक माणूस आला. घामानं निथळत होता, हात छातीवर. मी वाटणीप्रमाणे सांगितलं, बसा, मोठ्या बाई येतीलच एवढ्यात. छोटे डॉक्टर आत रिकामे बसले होते, पण हा पेशंट त्यांचा नव्हता. माणूस बसला आणि बसल्या बसल्या एका बाजूला कलला. नवी उठली, मला विचारलंही नाही, त्याला खांदा देऊन सरळ छोट्या डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेली. मी अडवायला उठले तर खुर्ची फ्रिज आणि कपाटामध्ये आडवी अडकली.

आतून छोट्या डॉक्टरांचा आवाज ऐकू येत होता. इतका मोठा आवाज त्यांना आहे हे मला माहीत नव्हतं. नर्सबाईंना भराभर सूचना देत होते आणि नर्सबाई एकही टोमणा न मारता धावत होत्या. अँब्युलन्स आली. तेही बरोबर गेले. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला, माणूस वाचला.

नवीला समज दिली. मोठ्या बाई आल्या असत्या की, म्हटलं. ती म्हणाली, मावशी, त्या तासाभरानं आल्या.

चहात तीन चमचे साखर घालून प्याले. अंगातली साखर कमी झाली असणार.

२४ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंनी नवीला आत बोलावलं. मग नर्सबाईंना. मग छोट्या डॉक्टरांना. मला नाही. माझ्या निरोपाच्या भेटवस्तूचं ठरवत असतील, माझ्यासमोर कसं बोलणार. काचेच्या भोकाला कान लावून पाहिला. भोक बाहेरच्या बाजूला आहे.

२७ मार्च, गुरुवार, संध्याकाळी

आज छोट्या डॉक्टरांची राहिलेली दुसरी परीक्षा झाली. या परीक्षेत दर वर्षी पेशंट मीच होते. मोठ्या बाई चिठ्ठीवर पेशंटची हकीकत लिहून देतात, ती पाठ करायची आणि डॉक्टरसमोर बसायचं. अभिनय माझ्या अंगातच आहे. शाळेच्या नाटकात मी झाड होते. सिस्टर म्हणाल्या होत्या, इतकं शांत झाड पाहिलं नाही.

यंदा चिठ्ठी मिळाली नाही. म्हटलं, इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मला कशाला, छोट्या डॉक्टरांनाच दिली असेल.

मोठ्या बाई कोपऱ्यात बसल्या. छोट्या डॉक्टरांनी टेबलामागची खुर्ची उचलून माझ्याजवळ आणली. मिस, शुक्रवारी काय झालं असं तुम्हाला वाटतं, म्हणाले. खरा प्रसंग घेतला होता, छान कल्पना. मी हट्टी पेशंटसारखं उत्तर दिलं, काही विशेष नाही, थोडी धावपळ झाली. ते म्हणाले, तो माणूस तुमच्यासमोर बसून राहिला असता तर गेला असता. मग मला वेळ दिला. मोठ्या बाई हेच शिकवतात.

मग म्हणाले, तुम्ही वर्षभर मला जपलंत आणि त्यात मी अडकलो. तुम्हीही. उद्यापासून तुम्ही काउंटरवर बसायचं नाही. मी म्हटलं, तुमची सही झाल्याशिवाय मी हलणार नाही. ते म्हणाले, सही होईल नाहीतर राहील, ते माझं मी बघेन. तुमची बहीण वाट बघतेय.

माझ्या डोळ्यांत पाणी अगदी वेळेवर आलं. झाडाच्या मानानं फारच वरचं काम झालं. त्यांनी टिश्यू पुढे केला.

मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे सही केली. मी डोळे पुसून म्हटलं, डॉक्टर, तुमची चिठ्ठी छान होती, बघू तरी काय काय लिहिलं होतं. ते मोठ्या बाईंकडे बघायला लागले.

मोठ्या बाई म्हणाल्या, मिस, चिठ्ठी नव्हती.

२८ मार्च, शुक्रवार, सकाळी

घरीच.

छोटे डॉक्टर पहिल्या बसनं गेले असतील.

ताईला फोन लावला. नुसतं म्हटलं, ताई, मी बोलतेय. पडदे गुलाबी लाव. ती म्हणाली, झाले वाटतं पास तुझे छोटे डॉक्टर.