पंधराचा आकडा

सॉमिल, ३ मे १९७८

ती. जोसेफादादास,
शि. सा. न. वि. वि.

मोठ्या करवतीवरची लोखंडी जाळी, पात्याला धार लावायची चौकट, ओंडके ओढायची कप्पी, संघटनेच्या खोलीतलं टेबल आणि त्या टेबलाच्या खणाचं कुलूप. हे सगळं मी या दोन हातांनी केलंय, कुठल्याही शाळेत न जाता. म्हणून खात्रीनं लिहितो, कुलूप फुटलेलं नाही. किल्ली एकच आहे आणि ती माझ्या गळ्यात असते.

तरी काल बोलणी सुरू होताच मॅनेजरसाहेब हसून म्हणाले, सत्तावीस रोजंदार कायम करा हे तुमचं बोलायचं बोलणं आहे, पंधरांवर तुम्ही सही कराल. अगदीच नाइलाज झाला तर पंधरा, हे आम्ही समितीच्या पाच जणांनी ठरवून, कागदावर लिहून खणात ठेवलं होतं. बाकीच्या चौघांना मी वेगवेगळं गाठून विचारलं. मग आठवलं, रविवारी चर्चहून आल्यावर तुझ्याकडे जेवताना हा आकडा माझ्याच तोंडून गेला होता. ऐकायला तू आणि वहिनी. वहिनी चुलीपाशी मासे उकडत होती. उरलं कोण, ते तूच लिही.

लोभ आहे तो राहू दे, पण आधी उत्तर दे.
तुझा अपिसाई


वुनिवाऊ, ६ मे

चि. अपिसाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी म्हणाली, भाऊजी आता पातेल्यातल्या माशांचीही जबानी घेणार. लहानपणी होडीत पाणी शिरलं की तू आधी आमचे खिसे तपासायचास, मग होडी. मी कुणाशी काही बोललो नाही.

एक सांगायचं राहिलं. सोमवारी सामुएला आला होता. तुमच्या मिलचा हजेरी कारकून असला तरी आपल्या मावशीचाच मुलगा. देवमाशाचा दात घेऊन आला. बांधाचं जुनं भांडण मिटवायला आला असेल असं वाटून, त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी दात हातात घेतला आणि रीतीच्या टाळ्या वाजवून मोकळा झालो. मग त्याचं शेवटचं वाक्य आलं. साहेबांची विनंती आहे, अपिसाईनं करार अडवू नये.

घेतला तो घेतला, दात घेतला म्हणजे मागणं मान्य. आता घराण्याला नाही म्हणता येत नाही, हे तुला मी शिकवायला नको. पंधरा तरी सुखी होतील.

माया आहेच.
तुझा दादा


सॉमिल, ९ मे

ती. दादास,
सा. न.

रविवारी मी बोललो, सोमवारी सामुएला आला, मंगळवारी साहेबांना आकडा कळला. यंगोना प्यायला बसलात ना, जीभ सैल होईपर्यंत किती वाट्या झाल्या ते लिही.

आणखी एक. आपला पेनी त्या सत्तावीसांत नोकरीच्या क्रमानं एकोणिसावा आहे. पंधरांत तो बसत नाही. आज सामुएलाच्या टेबलावर नव्या पंधरांची यादी पाहिली. तुझ्या मुलाचं नाव तिसरं आहे.

दात परत करायचा तर त्याबरोबर आपला एक द्यावा लागतो. आपल्या घरात एकच आहे, पेनीसाठी मुलगी मागायला ठेवलेला. दोन्ही पाठव. नाही आले तर यादीत त्याचं नाव कुणी घातलं हे मी पुन्हा विचारणार नाही, उत्तर मिळालं असं समजेन.

अपिसाई


वुनिवाऊ, १३ मे

चि. अपिसाईस,
आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

सात वाट्या झाल्या. सातव्या वाटीला सामुएला म्हणाला, पेनीचं नाव वर घेतो, फक्त अपिसाईचं कुठवर ताणायचं ठरलंय ते सांग. मी सांगितलं. सव्वीस वर्षांचा मुलगा रोज फाटकाशी उभा राहून आज काम आहे का विचारतो, हे बापानं किती दिवस बघायचं?

काल पेनीला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाला, बाबा, मी वर चढलो की खाली कोण पडणार, त्याचं नाव मला माहीत आहे, आम्ही एकाच डब्यात जेवतो. लग्न वर्षभर थांबेल म्हणतो. मुलीला अजून विचारलेलं नाही.

दोन्ही दात चटईत गुंडाळून वहिनीबरोबर बसनं पाठवतोय. मोजून घे, तुला बरं वाटेल.

जोसेफा


सॉमिल, १७ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन्ही मिळाले. दोरीही तपासली.

काल फाटकाशी सत्तावीस जणांसमोर मी दोन्ही दात सामुएलापुढे धरले. माझा शेवटचा शब्द होईपर्यंत त्याला हात पुढे करू दिला नाही. त्यानं मान खाली घालून घेतले. पेनी पाठीशी उभा होता. आमचा आकडा आता सत्तावीस, दुसरा कुठलाही नाही, खणातही नाही. साहेबांनी सही केली नाही. उद्या सकाळपासून करवत बंद. मिल किती दिवस तग धरेल आणि आम्ही किती, हे मला ठाऊक नाही.

तू दादा आहेस, ते बदलत नाही. पण करार होईपर्यंत रविवारी मी तुझ्याकडे जेवायला येणार नाही. वहिनीला तसं नीट सांग, तिचा राग माझ्यावर नको.

लोभ कमी झालेला नाही, जपून वापरतोय.
तुझा अपिसाई

ता. क. सामुएलाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. काल संध्याकाळी साहेबांनी मला एकट्याला बोलावलं होतं. पंधरांवर सही केली तर काय देणार ते सांगितलं, आणि मी नाही म्हणून आलो. फोरमनची जागा, टेकडीवरचं घर, आणि वर्षाला चोवीसशे डॉलर.