अळणी संसार आणि खिशातलं पापलेट

पनवेल, रविवार

ती. रेचलताईस,

धाकट्या एलियासचा शालोम. तिकडे इस्रायलात, अश्दोदच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींची नवी कवळी बसली का? (मागच्या फोनवर मला वाटलं ते हिब्रू बोलतायत, मराठी होतं हे एलिशेवाने नंतर सांगितलं.) आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे आता बरे आहोत. हे 'आता' कसं आलं, तेच लिहायला बसलोय.

माझ्या हृदयात स्टेंट बसला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मीठ कमी, तळण टाळा, नारळ बेताने. एलिशेवाने, तुझ्या भावजयीने, ऐकलं ते असं : मीठ बंद, तेल बंद, नारळ बंद. लोणच्याच्या बरण्या शेजारच्या आशालताबाईंकडे गेल्या. नारळाच्या दुधाशिवाय कालवण म्हणजे मासे पुन्हा पोहायला लागतील असं पाणी! मी तोंड वाकडं केलं, तर मासेच बंद झाले. उरला दुधी. (दुधीची इतकी रूपं असतात, हे मला या वयात कळलं.) आणि ताई, माझ्यासाठी जे शिजे तेच ती स्वतःही खाई, तेही चिमणीएवढं. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी आपला माझ्याच ताटाकडे बघत रडत होतो.

अशात जवळच्या नेरे गावातल्या कमळाकरने दोघांना जेवायला बोलावलं. माझा ऑफिसातला जुना सोबती, तुला आठवत असेल. त्याने फोनवर हळूच सांगितलं, "चिकूची झाडं बघायला म्हणून मागे ये. पापलेट तळून ठेवतो." मी गेलो. एलिशेवा ओटीवर त्याच्या बायकोपाशी, वेणूवहिनींपाशी बसली. ताटात सगळं वाढलेलं असताना तिने नुसतं बिनमिठाचं ताक घेतलं, आणि मी चिकूच्या बुंध्याआड दोन तुकड्या संपवून तिसरीला हात घातला. एवढ्यात वेणूवहिनींची हाक आली, "अवो धावा! वैनी पडल्या! सकाळपासून पोटात काय नाय त्यांच्या!"

मी कसा धावलो मला आठवत नाही. हातातली तुकडी खिशात कोंबली एवढं खरं. नवीन पनवेलच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं, तेव्हा माझ्या शर्टावर तेलाचा डाग पसरला होता, नेमका हृदयावर. तरुण डॉक्टरीणबाईंनी वास घेत इकडेतिकडे पाहिलं. मी खिशावर हात ठेवला, तर त्यांना वाटलं माझ्या छातीत दुखतंय.

मग त्यांनी एलिशेवाला विचारलं, "काकू, पथ्य काकांचं, तुम्ही का उपाशी? तुमचा रक्तदाब मुळात कमी, त्यात मीठ पूर्ण सोडलंत. या वयात अंगात बळ टिकवायचं तर डाळ, अंडी, मासे पोटात जायलाच हवेत. काकांनीही मासे खावेत की. फक्त तळू नका."

त्या गेल्यावर मी तिला रागावलो. (भीती वाटली की मी रागावतो, तुला माहीत आहे.) ती डोळे मिटूनच म्हणाली, "तुम्ही समोर दुधी गिळताय आणि मी मासे खाऊ? घास उतरला असता का माझ्या घशाखाली?"

ताई, माझ्या घशाखाली दोन तुकड्या बिनबोभाट उतरल्या होत्या. मी तिचा हात धरून बसलो.

आता स्वयंपाकघरात मीही उभा असतो. आमसूल, आलं, लसूण घालून माशाचं कालवण करतो, मीठ चिमूटभर. तिच्या ताटात आणखी थोडं मीठ वरून घालतो. कालवण बरं लागतं, खोटं कशाला सांगू?

तुझा,
एलियास

ता. क. मूळ काम राहिलंच. तिला फोन करून पोटभर खायला सांग. ती तुझं ऐकते, माझं ऐकत नाही. मी सुचवलं हे मात्र कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून वाचलं. फोन जरूर करा, पण यांना रागावू नका. त्या दिवशी हे असे थरथरत होते की डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या खाटेवर यांनाही झोपवलं. ते लिहिलेलं दिसत नाही. आता मोठी तुकडी माझ्या ताटात वाढतात आणि ती संपेपर्यंत समोरून हलत नाहीत. यांच्या हातून मीठ जरा जास्तच पडतं. पण खाते मी. – एलिशेवा