सहाव्या दिवसाआधी माझ्या पायाला हात लावू नये

मी, हावगेप्पा बसवंतप्पा, वय अंदाजे बहात्तर, धंदा मोडलेली हाडं बसवणे, राहणार राजेश्वर, जिल्हा बीदर, हैदराबाद राज्य, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहवून घेतो. परवा खळ्यात पडून माझ्या उजव्या पायाची नळी मोडली. डोकं शाबूत आहे, हे शिवशंकरप्पानं ध्यानात ठेवावं.

कलम १. घर आणि रान मुलगा शिवशंकरप्पा याचं.

कलम २. बांबूच्या कामट्या, पट्ट्या, तेलाचे बुधले आणि हा धंदा सूनबाई गंगम्मा हिचा. लेका, चिडायलास कामून? तुझीच बायको हाय. पण तुझा हात उतावळा. माणूस आला की त्याच घडीला आवळून बांधतोस आणि लोक वाहवा करतात. मीबी असाच होतो. धाकटा भाऊ माणिकप्पा गाडीवरून पडला, त्याचा सुजलेला हात मी त्याच दिवशी आवळला. चौथ्या दिवशी बोटं काळी पडली. हात कोपरापासून काढावा लागला.

मग हुमनाबादचे हकीम मेहबूबअली यांनी मला समोर बसवून फारसी पोथीतून बू अली सीनाचं सांगणं समजावलं. इराणाकडच्या त्या थोर हकिमानं नऊशे वर्षांमागं लिहून ठेवलंय, की सूज चढत असताना बांधू नये, पाच दिवस जाऊ द्यावेत. अगा बाबा, काय माणूस असेल! आमच्या तीन पिढ्या हाडं बसवण्यात गेल्या, कुणाला सुचलं न्हाई. त्यानंतर माझ्या हातून एकाचाही हातपाय गेला न्हाई. गंगम्माला हे एकदाच सांगावं लागलं.

कलम ३. कोनाड्यातली दारूची बाटली जखमा धुण्याची आहे. तेही त्याच शहाण्याचं सांगणं. लिंगायताच्या घरात बाटली म्हणून गाव हसलं, हसू दे. ती गंगम्माच्या कुलपात राहील. शिवशंकरप्पाच्या न्हाई.

कलम ४. हकीमसाबांच्या कबरीवर दरसाल फुलांची चादर घालावी. कुणी कामून विचारलं तर, आमच्या घरावर उपकार हायेत म्हणावं.

कलम ५. आज तिसरा दिवस. पाय टम्म सुजलाय, कळ मस्तकात जायलीय. गंगम्मा सहाव्या दिवशी बांधेल. त्याआधी मी ओरडलो, रडलो, हुकूम सोडला तरी कुणी हात लावू नये. आणि तोवर मी गेलोच, तर सून थांबली म्हणून म्हातारा मेला असं कुणी बोलायचं न्हाई. वय झालं होतं म्हणून मेलो. हे कलम चावडीवर मोठ्यानं वाचावं.

लिहून देणार: हावगेप्पा बसवंतप्पा, अंगठ्याची निशाणी
साक्षीदार: गुरुपादय्या, भगवानराव
सांगितलं तसं लिहिलं: शिवय्या मास्तर
राजेश्वर, ता. ११ फेब्रुवारी १९५३