अ‍ॅसिडविना आठ दिवस

३ मार्च

आमच्या संशोधनाचा पेपर छापून आला. सहा नावं. माझं नाही! शेवटी बारीक अक्षरात – ‘गोठ्यातील कर्मचाऱ्यांचे आभार.’ म्हणजे मी, गवळीमामा आणि बहुतेक चारा कापायचं यंत्र. वर्षभर वीस गायींचं मूत्र बादल्यांत धरलं, मोजलं, त्यातला नायट्रोजन तपासला. केसांचा वास अजून जात नाही. आणि प्रकल्पप्रमुख कोण, तर माझी सख्खी ताई.

४ मार्च

ताई म्हणते, “अगं, नावं वरून ठरली.” वरून म्हणजे कुठून? छपरावरून? सांगून टाकलं – यापुढे बोलायचं नाही. काम असेल तर लिहून द्यायचं.

आईचा फोन. “बहीण आहे तुझी!” तेच तर डोक्यात गेलंय.

८ मार्च

टेबलावर घडी घातलेला कागद. ताईचं अक्षर. समजूत काढत असणार. न वाचता खणात कोंबला.

१० मार्च

नवं खाद्य सुरू. प्रथिनं कमी, तरी दूध तेवढंच, आणि मूत्रातून वाया जाणारा नायट्रोजन कमी – हे सिद्ध झालं की ताईच्या प्रकल्पाला पुढची तीन वर्षं मंजूर. आठ दिवस बादल्या धरायच्या. मामा लेकीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे सुट्टीवर, त्यामुळे बादल्या नवा माणूस आणून देतो.

११ मार्च

पहिल्या बादलीचं झाकण उघडलं – डोळ्यांतून पाणी! अ‍ॅसिड घातलेलंच नाही. अ‍ॅसिड नसलं की नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो आणि मोजताना आकडा कमी येतो. घालायचं काम मामांचं. ते नाहीत, तर ताई दुसऱ्या कुणाला सांगायलाच विसरली! एवढी हुशार बाई!

झाकण लावलं. एक शब्द बोलायचा नाही.

१४ मार्च

आजही अ‍ॅसिड नाही. मी गप्प. जेवण मात्र छान जातंय.

२० मार्च

आकडे दिले. मूत्रातला नायट्रोजन निम्म्यावर! ताई मिठी मारायला आली, मी बाटल्यांचा ट्रे उचलला.

नंतर वजनांची वही काढली. खाल्ल्यापैकी उरलेला नायट्रोजन दुधात नाही, शेणात नाही, मूत्रात नाही – मग तो गायींच्या अंगावर चढायला हवा ना? एकीचंही वजन वाढलेलं नाही. आता सापडली! पण आत्ता नाही. बैठकीत, सगळ्यांसमोर.

२७ मार्च

झालं! ताईचा शेवटचा तक्ता पडद्यावर होता. मी उभी राहिले. “उरलेला नायट्रोजन गेला कुठे?” वजनं वाचून दाखवली. बादल्यांत अ‍ॅसिड नव्हतं, म्हटलं. कुणीतरी विचारलं, मला ते कधी कळलं? “काल आकडे जुळवताना.” बिनदिक्कत खोटं.

संचालकांनी चष्मा काढला. “अ‍ॅसिडची जबाबदारी कुणाची होती?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “माझी.”

प्रकल्प बंद. तिचं प्रमुखपद गेलं. बाहेर पडताना फाइल छातीशी धरून कशी चालली होती! तीन आठवड्यांची आग विझली. घरी येऊन पोटभर जेवले.

२९ मार्च

आईने फोन घेतला नाही. बसू दे रुसून.

१ एप्रिल

मामा कामावर आले. नात झाली, खुशीत होते. मग गोठ्याच्या दारात थांबून म्हणाले, “अगं, अ‍ॅसिड राहिलं कसं? ताई तर म्हणाल्या होत्या, मामा, निवांत जा, धाकटीला लिहून ठेवलंय.”

खण उघडला.

‘सोमवारपासून अ‍ॅसिडचं तू बघ. दुसऱ्या कुणावर सोडवत नाही. या वेळी पहिलं नाव तुझं, तसं वर लिहून दिलंय. – ताई’

बैठकीत तिने या कागदाचा उल्लेखही केला नाही.