कोणत्या अवयवाची डॉक्टर?

गोंदिया,
शुक्रवार, सकाळचे नऊ

आदरणीय खुशालमामा यांस,
मोनालीचा सविनय जय भीम.

तुमची प्रकृती ठणठणीत असल्याचे तुमच्याकडून कळते आणि नसल्याचे मामीकडून. माझा विश्वास मामीवर आहे. दहा दिवस झाले, चार पायऱ्या चढलात की छाती भरून येते, घाम फुटतो, आणि तुम्ही सोडा पिऊन "गॅस आहे" म्हणून मोकळे होता. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेत, फळ्यावर रंगीत खडूने हृदय काढलेत (डावी बाजू लाल, उजवी निळी), आणि स्वतःच्या छातीची वेळ आली तर सोड्याची बाटली! दवाखान्यात या म्हटले तर मलाच विचारता, "तू कायची डॉक्टर आहेस बाई? हार्टची का हड्डीची?" मी इमर्जन्सीची म्हटले, तर "म्हणजे अजून ठरलं नाही" असे म्हणून फोन मामीकडे दिलात.

या प्रश्नात तुम्ही एकटे नाही. माझ्या घरमालकीण शकुंतलाबाईंचा समज असा, की मार्क कमी पडल्यामुळे मला एकही अवयव मिळाला नाही. आमच्या रुग्णालयातही वेगळे काही नाही. हाडवाले दारातूनच डोकावतात आणि हाड शाबूत दिसले की खुशीत परत जातात. पोटवाले छातीवाल्यांकडे बोट दाखवतात, छातीवाले पोटवाल्यांकडे. ज्याला कोणीच घेत नाही तो आमचा. आमचे मोठे सर रोज येतात, रजिस्टरातल्या रेघा वाकड्या म्हणून मला झापतात आणि जेवायला जातात (पेशंट वाकडा पडलेला असतो, तो त्यांना दिसत नाही).

मंगळवारचेच घ्या. चिचगडचा उदाराम छातीत दुखते म्हणून आला, सोबत अर्धे गाव. सिस्टरने ईसीजीसाठी नाव पुकारले, माणूस येऊन झोपला, पट्टी निघाली. इतकी सुंदर पट्टी, की विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवावी. काही नाही, घरी न्या, असे नातेवाइकांना सांगायला मी बाहेर गेले. पायरीवर एक माणूस बसलेला, एका हातात चहाचा कप, दुसरा हात छातीवर, सदरा घामाने भिजलेला. तोच उदाराम! आत झोपला होता तो धाकटा भाऊ फागू. मी ओरडले तर उदाराम शांतपणे म्हणाला, "मी चहा पिऊन राहिलो होतो मॅडम, फागू रिकामाच होता. सख्खा भाऊ आहे, रक्त एकच." आणि सोबतचे अर्धे गाव मान हलवत होते, जणू यात ओरडण्यासारखे काय आहे!

उचलून आत आणला, त्याची स्वतःची पट्टी काढली. मोठा झटका, आणि तोही चालू. छातीवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, आधी पोट तपासा. मग मीच गुठळी विरघळवायचे इंजेक्शन दिले आणि खाटेजवळून हलले नाही. तासाभराने दुखणे थांबले. काल तो बसून पेज प्यायला. ड्युटी संपवून निघताना मी त्याच्याजवळ गेले तर हळूच विचारतो, "तुम्ही कायच्या डॉक्टर?" मला वाटले तुम्हीच बोलता आहात. आणि ऐका मामा, घरून निघताना तोही "गॅस आहे" असेच म्हणाला होता.

मामीला नमस्कार. बाकी सर्व क्षेम.

तुमची भाची,
मोनाली

ता. क. जीपवाला सेवकरामदादा हे पत्र द्यायला आला आहे असे तुम्हाला वाटले असेल. तो तुम्हाला न्यायला आला आहे. जीप दारात चालूच ठेवायला सांगितली आहे आणि मामीने तुमची पिशवी कालच भरली आहे. त्याला चहा विचारू नका. पुढच्या सीटवर बसा, आणि वाटेत कोहमाऱ्याला भज्यांसाठी उतरायचे नाही. शाळेतल्या सहकाऱ्याला बदली म्हणून पाठवायचा विचार मनात आला असेल, तर तो काढून टाका.

आणखी एक ता. क. आजवर शेकडो पट्ट्या एकटीने वाचल्या. आज तुमची वाचताना मैत्रीण प्रियाला शेजारी उभे राहायला सांगितले आहे. वर जे तणतणले, ते राग म्हणून वाचू नका. मला फार भीती वाटते आहे मामा. मी दवाखान्याच्या दारात उभी आहे.